जीर्णोद्धार आणि पाठभेद : एका मोटारगाडीच्या निमित्ताने

वऱ्हाडातील कितीतरी गावांत काळ्या दगडाच्या जुन्या देवळाला तैलरंग फासलेला आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसवलेली दिसते. गावकरी त्याला जीर्णोद्धार म्हणतात. पुरातत्त्वाचा अभ्यासक त्यालाच विध्वंस म्हणतो. गावाला देऊळ वापरायचे असते, अभ्यासकाला ते जपायचे असते, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. हाच वाद अलीकडे अमरावती-अकोल्याकडच्या काही घरांच्या अंगणात, ताडपत्रीखाली झाकलेल्या जुन्या मोटारगाड्यांभोवती चालू आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो क्षुल्लक समजू नये, असे आम्हांस वाटते. कारण त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो आपल्याच शास्त्राचा आहे : मूळ संहिता म्हणजे काय, आणि तिच्यात हात घालण्याचा अधिकार कोणाला व कितपत?

ज्या गाडीवरून हा वाद सर्वांत कडवटपणे होतो, ती म्हणजे कॉन्टेसा. मध्यम आकाराच्या गाडीत भले मोठे इंजिन बसवण्याची अमेरिकी रीत १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओपासून रूढ झाली आणि अशा गाड्यांना ‘मसल कार’ हे नाव पडले. आपल्याकडे हे बिरुद शौकिनांनी कॉन्टेसाला दिले, ते तिच्या लांब नाकामुळे आणि रुंद बांध्यामुळे. पण तिचा इतिहास पाहिला तर या बिरुदाची गंमत कळते. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ती बाजारात आणली. तिचा सांगाडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टर या १९७० च्या दशकातील गाडीचा. इंजिन मात्र अ‍ॅम्बेसेडरचे, १४८९ सीसीचे, जेमतेम ५० अश्वशक्तीच्या आसपासचे. देह पहिलवानाचा आणि दम किरकोळ, अशी तिची अवस्था होती. पुढे कंपनीनेच तिच्यात जपानच्या इसुझूच्या रचनेचे १८०० सीसीचे इंजिन व पाच गतींचा गिअरबॉक्स घातला. नंतर डिझेल इंजिनही आले. २००२ साली उत्पादन थांबले.

तेव्हापासून ही गाडी जगली आहे ती मिस्त्र्यांच्या हातावर. वऱ्हाडची हवा कोरडी असल्याने मुंबई-कोकणाच्या मानाने पत्रा कमी गंजतो. उलट अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा दारांचे रबर, तारांवरचे आवरण, डॅशबोर्ड आणि रंग यांची राखरांगोळी होते. घरी गाडी उभी करणाऱ्याचे पहिले वर्ष बहुधा यातच जाते : जुनी पुट्टी खरवडून खरा पत्रा शोधायचा, कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, सगळे वायरिंग उपसून नव्याने ओढायचे, रेडिएटर साफ करून घ्यायचा किंवा मोठा बसवायचा. सुटा भाग भंगारात मिळाला तर ठीक, नाही तर लेथवाल्याकडे जुना नमुना देऊन घडवून घ्यायचा. आणि मग तो निर्णायक प्रश्न येतो. इंजिन जुनेच बांधायचे, की दुसऱ्या एखाद्या गाडीचे नवे, दमदार इंजिन बसवायचे?

येथे शुद्धिवादी मंडळी पुढे सरसावतात. त्यांच्या लेखी मूळ स्क्रूऐवजी दुसरा स्क्रू हासुद्धा प्रक्षेपच. कायदाही बव्हंशी त्यांच्या बाजूचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांतही वाहन मूळ रूपात असावे, सांगाडा, बांधा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. १९८४ ची पहिली कॉन्टेसा या वयाला २०३४ साली पोहोचेल.

कायद्याचा हेतू सुरक्षिततेचा आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. परवानगीवाचून इंजिन बदलू नये, हेही योग्यच. आमचा आक्षेप आहे तो ‘मूळ’ या शब्दाच्या भाबड्या वापराला. कॉन्टेसाचे मूळ कोणते? लंडनच्या उत्तरेकडील ल्यूटनचे, उत्तरपाड्याचे, की इसुझूचे? जिच्या निर्मात्यानेच तिचे हृदय बदलले, तिची एकच एक शुद्ध प्रत शोधणे म्हणजे जे कधी नव्हतेच त्याचा शोध घेणे होय.

आपल्या वाङ्मयात या प्रश्नाला दोन उत्तरे मिळालेली आहेत. एक एकनाथांचे. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये असे बजावले. दुसरे उत्तर आपल्या वऱ्हाडचे आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा जमवल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ ग्रंथ हरपला आणि स्मरणातून तो पुन्हा उभा करावा लागला, असे महानुभाव परंपरा सांगते. अशा ग्रंथात भेद येणारच. पण त्या मंडळींनी भेद लपवले नाहीत. एखादी लीळा दुसऱ्या कोणी वेगळी सांगितली असेल, तर ‘शोधु’ अशी खूण करून तो पाठही नोंदवला. आज लीळाचरित्राचा अभ्यास करता येतो, याला त्या नोंदींचा मोठा हातभार आहे.

आमच्या मते घरच्या जीर्णोद्धारालाही हाच दंडक लावावा. बदल करणे हा दोष नव्हे. बदल दडवणे हा दोष आहे. अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा सुमारे १०५ तासांत टाकला गेला आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदवला गेला. त्या रस्त्यावर आजची वाहने ज्या वेगाने धावतात, तो वेग १९८४ च्या गाडीच्या कल्पनेतही नव्हता. तिथे चांगले ब्रेक, प्रखर दिवे आणि मागच्या आसनांनाही पट्टे मागणाऱ्या माणसाला अरसिक ठरवणे हे निर्दयपणाचे आहे. गाडीत कुटुंब बसणार असते.

पण उन्नतीच्या नावाखाली सगळेच क्षम्य ठरत नाही. सांगाडा कापणे, छप्पर उडवणे, बांध्याची रेषाच बदलणे हे परत न फिरवता येणारे फेरफार आहेत, आणि ते करणारा पुढच्या प्रत्येक मालकाचा हक्क हिरावून घेतो. याउलट जे जोडले ते उद्या काढता येईल आणि काढलेला भाग पोत्यात बांधून माळ्यावर जपलेला असेल, तर नुकसान काहीच नाही. पुट्टीखाली कुजका पत्रा झाकून ‘एकदम ओरिजिनल’ म्हणून गाडी विकणारा आणि जुन्या पोथीत स्वतःच्या ओव्या घुसडणारा, हे दोघे आम्हांस एकाच जातीचे वाटतात.

म्हणून गाडी उभी करणाऱ्या प्रत्येकाने एक वही ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे. कोणता भाग केव्हा काढला, जागी काय बसवले, कोणत्या गाडीचे बसवले, कोणत्या मिस्त्रीने कोणती युक्ती केली आणि ती का चालली, हे त्या वहीत यावे. सोबत छायाचित्रे आणि परिवहन कार्यालयाचे कागद असावेत. यात गाडीहून अधिक मोलाचे असे काही टिकणार आहे. कार्ब्युरेटर कानाने लावणारी, पत्र्याचा पीळ बोटांनी ओळखणारी मिस्त्र्यांची पिढी आता थकली आहे. तिची विद्या कुठल्याही पुस्तकात उतरलेली नाही. ती ज्या मराठीत, ज्या वऱ्हाडीत बोलली जाते, ते शब्दही तिच्याबरोबरच जातील. मराठीचे विद्यार्थी बोलींचा शब्दसंग्रह करण्यासाठी खेडोपाडी जातात. त्यांनी एखादा दिवस गॅरेजातही काढावा. म्हाइंभटांनी ज्यांना जे आठवत होते त्यांना जाऊन विचारले आणि लिहून घेतले. विचारण्याजोगी माणसे अजून आहेत, तोवर हे काम करून घेतले पाहिजे.