गावाला कोणी विचारले?

शहर वाढते म्हणजे नेमके काय होते? माजिवड्याच्या नाक्यावर पूर्व द्रुतगती मार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिककडे जाणारा महामार्ग एकत्र येतात. उड्डाणपुलावरून आणि खालून वाहनांचा ओघ अखंड चालू असतो. तरीही लोकांच्या तोंडी अजून ‘माजिवडा गाव’ आहे. गाव बोलण्यात उरले, कारभारातून मात्र गेले.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे नगरपालिका व भोवतालची ३२ गावे मिळून ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली. आज ‘माजिवडा-मानपाडा’ ही तिची एक प्रभाग समिती आहे. पाणी, गटारे, रस्ते यांसाठी मोठी संस्था हवी, हे मला मान्य आहे. पण ग्रामपंचायतीत साध्या मतदारालाही ग्रामसभेत उभे राहून जाब विचारता येतो. महापालिकेत तो पाच वर्षांतून एकदा नगरसेवक निवडतो, आणि तेही वेळेवर होईलच असे नाही. मार्च २०२२ मध्ये ठाण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हा निवडणूक न होता कारभार प्रशासकाकडे गेला.

शेजारच्या कल्याण-डोंबिवलीतील २७ गावांची कहाणी याहून बोलकी आहे. १९८३ मध्ये ती महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. २०२० मध्ये त्यांतील १८ गावे पुन्हा वगळण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गाव म्हणजे काय सारीपाटावरची सोंगटी आहे?

फिनलंडसारख्या देशातही विलीनीकरण होते. १ जानेवारी २००९ रोजी तेथील ४१५ स्थानिक संस्थांच्या ३४८ झाल्या. मात्र तेथे सहसा दोन्हीकडचे लोकप्रतिनिधी आधी लेखी करार मंजूर करतात. नव्या संस्थेचा कारभार कसा चालेल, सेवा कशा दिल्या जातील, हे त्यात नमूद असते.

मित्रहो, आपणही एवढे मागायला काय हरकत आहे? यापुढे कोणतेही गाव शहरात घेण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव आणि लेखी करार कायद्याने बंधनकारक करावा. गावठाणाची हद्द, तळे, स्मशानभूमी, गुरचरण यांचे पुढे काय होणार, ते त्यात स्पष्ट लिहावे. राज्यशास्त्राच्या तासाला आपण स्थानिक स्वराज्याची व्याख्या पाठ करतो. ज्या स्वराज्यात स्थानिकाला विचारतच नाहीत, त्याला कोणते नाव द्यायचे, हा प्रश्न आपण प्राध्यापकांना एकदा तरी विचारला पाहिजे.