‘ओळखीचं काय तरी वाजव रे!’

गोव्यातल्या कुठल्याही होतकरू बँडला विचारा, स्टेजवर सगळ्यात जास्त वेळा काय ऐकावं लागतं? ‘वा’ नाही, ‘वन्स मोअर’ तर नाहीच नाही. ‘ओळखीचं काय तरी वाजव रे!’ हेच ते वाक्य. पोरांनी सहा महिने रात्री जागून स्वतःचं एक गाणं बांधायचं आणि आपण दुसऱ्या कडव्याला कंटाळून ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ मागायचं. ते गाणं १९७६ सालचं आहे. पन्नास वर्षं होत आली, पण आपली फर्माईश काही बदलत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुरुवातीपासून सांजांवपर्यंत, मी स्थानिक बँडांचे नऊ कार्यक्रम ऐकले. म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा, आणि मधली दोन-तीन गावं. अट एकच ठेवली होती, बँडनं स्वतःची गाणी वाजवायला हवीत. कुठं हॉटेलच्या मागची मोकळी जागा, कुठं जुन्या घराचं अंगण, एकदा चक्क गॅरेज. एका कार्यक्रमाला श्रोते अकरा होते आणि बँडवाले पाच. त्या अकरांतले चार बँडवाल्यांच्या घरचे. तरीही सांगतो, या नऊपैकी तीन संध्याकाळी अशा होत्या की त्यासाठी मी पुन्हा तेवढं पेट्रोल जाळीन. उरलेल्यांपैकी काही बऱ्या होत्या, काही अगदीच कच्च्या. पण कच्चं काय आणि पिकलं काय, हे ठरवायलाही कुणीतरी ऐकायला हवं ना?

उन्हाळाच का, असं कुणी विचारील. साधं कारण आहे. डिसेंबर पाहुण्यांचा, मे महिना आपला. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत किनाऱ्यावरचं संगीत हे पर्यटकासाठी वाजत असतं, त्याला ठाऊक असलेलंच त्याला ऐकवायचं असतं. धंदा आहे, त्यात काही गैर नाही. मे अखेरीस शॅक मोडले जातात, विमानातून येणारी गर्दी ओसरते, लग्नसराईही आवरत येते, आणि पावसाच्या आधीच्या त्या घामट आठवड्यांत हीच पोरं पहिल्यांदा स्वतःसाठी वाजवायला मोकळी होतात. म्हणजे गोव्याचं नवं गाणं जन्माला येण्याची जी काय चार आठवड्यांची फट आहे ती ही. आणि नेमक्या त्याच वेळी आपण घरात पंखा लावून बसलेले असतो.

आता मुद्द्यावर येतो. माझा पहिला राग माझ्याच लोकांवर आहे, म्हणजे गोव्यातल्या मराठी संस्कृतीच्या राखणदारांवर. यांच्याशी हा विषय काढला की एक ठरलेलं उत्तर येतं, ‘ते आपलं नव्हे हो. ते त्या लोकांचं.’ ‘त्या लोकांचं’ म्हणजे कुणाचं हे सांगायला नको. देवळातलं ते आपलं, गिटार ते इगर्जीकडचं, अशी एक कुंपणाची रेघ आपण मनात मारून ठेवलेली आहे. मी या उन्हाळ्यात ऐकलेल्या बँडांत डिचोलीचा ड्रमर होता, पेडण्याचा बेस गिटारवाला होता. दोघांच्याही घरात मराठी वर्तमानपत्र येतं, दोघांचेही आजोबा जात्रेच्या नाटकात उभे राहिलेले. त्यांनी ती रेघ कधीच पुसली. आपण मात्र खडू घेऊन बसलोय.

‘आपलं’ म्हणजे नेमकं काय, हेही एकदा बघूया. संगीत नाटकाच्या पायपेटीशिवाय आपल्याला मराठी रंगभूमी सुचत नाही. ती पेटी कुठली? हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली घेतलं गेलं. आकाशवाणीनं १९४० पासून पुढची तीन दशकं तिच्यावर बंदी घातली होती, कारण तेव्हाच्या राखणदारांच्या मते ते वाद्य ‘आपलं नव्हतं’! आज तिच्याशिवाय भजन उभं राहत नाही. मांडो घ्या. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतल्या भाटकारांच्या दिवाणखान्यांत तो वाढला, एका बाजूला व्हायोलिन आणि दुसऱ्या बाजूला आपलं घुमट. आज मांडो हा गोव्याचा वारसा म्हणून आपण छाती पुढे काढतो. आणि मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी? १९६४ साली ‘मत्स्यगंधा’त आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’त त्यांनी नाट्यपदाला नवं वळण दिलं. मधे १९६६ साली ‘लेकुरे उदंड जाली’ला चाली देताना पाश्चात्त्य वळणाच्या सुरावटींचाही त्यांना विटाळ झाला नाही. आपण अभिषेकीबुवांची पुण्यतिथी करतो, पण त्यांचं धाडस बाहेर चपलांपाशी काढून ठेवतो.

खरं तर मराठी माणसाला हा बँडांचा प्रकार सगळ्यात आधी कळायला हवा. आपल्या गावची उत्सवी नाटकं आठवा. देवळासमोर मंडप, गावचेच नट, दिवसा बँकेत किंवा शेतात काम, रात्री कुणाच्या तरी पडवीत तालीम, पदरमोड करून आणलेला पडदा आणि भाड्याचा माइक. समोर बसलेल्या काकींना माहीत असतं की राजाचं काम करणारा पोस्टात आहे, आणि तो वाक्य विसरला तरी त्या टाळी वाजवतात. बँडचं गणित तंतोतंत तेच आहे. तालीम पडवीऐवजी गॅरेजात, भाडं माइकऐवजी अ‍ॅम्प्लिफायरचं, एवढाच फरक. मग राजाला मिळणारी टाळी गिटारवाल्याला का नाही? संहिता नवी असली तर आपण नाटकाला ‘ओळखीचं काहीतरी करा’ असं मंडपातून ओरडतो का?

दुसरा राग जागा चालवणाऱ्यांवर. एका हॉटेलवाल्यानं एका बँडला माझ्यादेखत सांगितलं, ‘पहिला अर्धा तास तुमची गाणी चालतील, तेव्हा लोक आलेले नसतात.’ केवढा हा उदारपणा! आणि मोबदला? जेवण, दोन बिअर आणि ‘तुमचं नाव होईल’ हे आश्वासन. नाव झालं म्हणून कुठल्या दुकानदारानं गिटारच्या तारा फुकट दिल्याचं मी ऐकलेलं नाही. वाढप्याला, आचाऱ्याला, दारावरच्या माणसाला कुणी ‘तुझं नाव होईल’ म्हणून राबवत नाही. गाणाऱ्यालाच का? कारण तो नाही म्हणत नाही, आणि नाही म्हणालाच तर कॉम्प्युटरवर तयार ट्रॅक लावून त्यावर गाणारा एकटा माणूस निम्म्या पैशात मिळतो.

तिसरा राग सरकारी वृत्तीवर, मग सत्तेत कुणीही असो. २००४ पासून इफ्फी पणजीत आहे. २०१६ पासून सेरेंडिपिटीचा महोत्सव भरतो. सनबर्न २००७ साली कांदोळीत सुरू झालं, २०१६ साली पुण्याला गेलं, परत आलं, २०२४ साली धारगळला होताना त्यावरून रण माजलं, आणि २०२५ साली मुंबईला गेलं. या सगळ्या काळात ‘गोव्याला संगीत महोत्सव हवा की नको’ यावर आपण तावातावानं भांडलो. पण या भांडणात दोन्ही बाजूंपैकी कुणीही विचारलं नाही की गोव्याच्या पोरांनी वाजवायचं कुठं? बाजूनं बोलणारे हॉटेलच्या खोल्या मोजत होते, विरोधातले संस्कृती मोजत होते. गाणं कुणीच मोजत नव्हतं.

आणि यात खंत अशी, की संगीत शिकवण्यात गोवा कधीच मागे नव्हता. इगर्जीच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलं नोटेशन वाचायला शिकली. १९५२ साली पणजीत अकादेमिया द म्युझिका उभी राहिली. हिंदी सिनेमाच्या सोनेरी काळातला वाद्यवृंद उभा केला तो गोंयकारांनी. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. या शेवटच्यांचं नाव १९७७ साली अमिताभच्या गाण्यात आलं, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे. देशभर ते नाव गाजलं, पण ते एका खऱ्याखुऱ्या माणसाचं आहे हे कितीजणांना ठाऊक होतं? आपण दुसऱ्यांच्या गाण्यांना साज चढवणारे उत्तम कारागीर पुरवले. स्वतःचं गाणं घेऊन उभं राहणाऱ्याला मात्र आपण घरात पाट मांडला नाही. क्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या गाण्यांवरचा ‘नाचुंया कुंपासार’ २०१४ साली आला तेव्हा आपण सगळे डोळे पुसत बाहेर पडलो. क्रिस पेरी २००२ सालीच गेले होते. आपलं प्रेम नेहमी असं उशिरा येतं, हार घेऊन.

अपवाद आहे, आणि तो सगळ्यांच्या तोंडी असतो. रेमो. शिवोलीचा हा माणूस १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ची कॅसेट घरीच ध्वनिमुद्रित करतो, वाद्यं स्वतः वाजवतो, आणि कॅसेटी स्वतःच दुकानांत पोचवतो. पुढं २००७ साली त्याला पद्मश्री मिळाली. ‘बघा, गुण असले की माणूस वर येतोच,’ असं म्हणायला आपल्याला रेमो फार सोयीचा पडतो. मला उलटं दिसतं. चाळीस वर्षांत उदाहरण द्यायला तोंडात एकच नाव येत असेल, तर ते त्या माणसाचं कर्तृत्व आणि आपलं अपयश. एकटा पोहून पैलतीरी गेला म्हणून नदीवर पूल नको, असं कुणी म्हणतं का?

आता समोरून येणारे आक्षेप. पहिला, ‘गाणी चांगली नसतात.’ कबूल, बरीचशी नसतात. ड्रम गाण्यावर चढून बसतो, शब्द कळत नाहीत, तिन्ही गाणी एकाच चालीची वाटतात. पण वर्षाला चार कार्यक्रम मिळणाऱ्याकडून चाळीस कार्यक्रमांची सफाई कशी मागायची? कीर्तनकारसुद्धा पहिल्या वर्षी अडखळतो.

दुसरा, ‘आवाजाचा त्रास होतो.’ इथं मी आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद केला ते उत्तम झालं. म्हाताऱ्यांना झोप हवी, पोरांना अभ्यास हवा. मी ऐकलेले नऊही कार्यक्रम साडेनवाच्या आत संपले. हे बँड संध्याकाळी सहाला सुरू करायला एका पायावर तयार असतात. पहाटेपर्यंत छाती दणाणवणारा डीजे आणि अंगणात वाजणारी चार पोरं यांना एकाच दावणीला बांधू नका.

तिसरा आक्षेप जरा बोचरा, ‘गातात तर इंग्रजीत, नाही तर कोकणीत. मराठीनं यांच्यासाठी का धावावं?’ मीही हेच विचारलं, पेडण्याच्या त्या पोराला. तो म्हणाला, ‘मराठीत लिहिलेलं एक गाणं आहे. पण वाजवू कुठं? मराठी कार्यक्रमात गिटारला बोलावत नाहीत, आणि गिटारच्या कार्यक्रमात मराठी ऐकत नाहीत.’ मंडळी, हे वाक्य मला अजून सलतंय. १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीला काय मिळालं आणि काय नाही यावर आपण इतकी वर्षं सभा घेतोय, निवेदनं देतोय. घ्याव्यात, मीही त्यांना जातो. पण भाषा कायद्याच्या कलमात जगत नाही, ती वीस वर्षांच्या पोराच्या तोंडी जगते. तो पोरगा मराठीत गाणं लिहून बसलाय आणि आपल्या एकाही संमेलनाच्या पत्रिकेत त्याच्यासाठी वीस मिनिटं नाहीत. मग मराठीला मारतंय कोण?

काय करायला हवं, ते अवघड नाही. एप्रिल-मे महिन्यांत रवींद्र भवनांच्या सभागृहांत ज्या संध्याकाळी काही नसेल, त्या संध्याकाळी स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना जागा नाममात्र भाड्यानं द्या. सरकारी पैशातून बाहेरचा कलाकार आणाल त्या प्रत्येक मंचावर आधी अर्धा तास एक स्थानिक बँड, आणि त्याला ठरलेला मेहनताना, हात जोडून नव्हे तर करार करून. मराठी वर्तमानपत्रांनी नाटकाचं परीक्षण छापतात तसं यांचंही छापावं. कौतुक नको, परीक्षण हवं. कुणीतरी नीट ऐकून ‘तिसरं गाणं फसलं, कारण असं असं’ म्हणाल्याशिवाय चौथं गाणं सुधारत नाही. आणि आपल्या मराठी संस्थांनी वर्षातून एक संध्याकाळ गिटारला पाट मांडावा. आभाळ कोसळणार नाही.

राहिलो आपण, ऐकणारे. या नऊ कार्यक्रमांतल्या पाचांना तिकीट होतं, दोनशे रुपयांच्या आतलं. तरी दारावर ‘मी अमक्याचा मामा, मला कसलं तिकीट?’ म्हणणारे भेटलेच. मामा असाल तर दोन तिकिटं घ्या. आत जाऊन बसा, कान उघडे ठेवा, आणि नवं गाणं सुरू झालं की चार मिनिटं तोंड मिटून ऐका. आवडलं नाही तर तसंही सांगा, पण गाणं संपल्यावर, आणि त्या गाण्याबद्दल.

आता पाऊस लागलाय, अंगणं भिजली, पोरं पुन्हा गॅरेजांत शिरलीत. पुढच्या एप्रिलपर्यंत ती काहीतरी नवं बांधतील. त्यात एखादं मराठीतही असेल.