अंगात येणं आणि अंगावर घेणं

"दुसऱ्याचं दुःख माझ्या अंगात येतं," असं सांगणारी माणसं आमच्या बिदर-कलबुर्गी भागात अलीकडे वाढली आहेत. त्यांना लग्नाची गर्दी सोसत नाही, शेजारचं भांडण कानावर पडलं की रात्रीची झोप जाते. शिबिरांत आणि मोबाईलवरच्या प्रवचनांत त्यांना सांगितलं जातं की हे जाणिवेच्या पुढच्या पायरीचं लक्षण आहे, तुमची ऊर्जा सूक्ष्म झाली आहे. घरातले वडीलधारे मात्र एवढंच म्हणतात, "मनाला लावून घेऊ नकोस, घट्ट हो." एका पक्षाने हळवेपणा देव्हाऱ्यात बसवला, दुसऱ्याने त्याला दुखणं ठरवलं. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत.

आधी देव्हाऱ्याचं पाहू. हळवी माणसं ढोंग करतात असं माझं म्हणणं नाही. काहींना आवाज, गर्दी, समोरच्याचा पडलेला चेहरा इतरांपेक्षा जास्त जाणवतो, हे एलेन एरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 च्या दशकात मांडलं. पण तो स्वभावाचा प्रकार झाला, पदवी नव्हे. आणि आजवर नव्हतं ते अचानक सुरू झालं असेल, तर आधी शरीराकडे पाहावं. अपुरी झोप, बाळंतपण, पाळी जाण्याचे दिवस, थायरॉईड, घरात नुकताच झालेला मृत्यू, यांपैकी कशानेही माणूस रडवेला होतो. चाळिशीतल्या बाईला ऊठसूट रडू येतंय आणि घरचे तिला साधनेची प्रगती म्हणून मिरवताहेत, असं दिसलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. रक्त तपासायला तालुक्याला जाता येतं. 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर 2022 पासून फुकट बोलता येतं. त्यासाठी कुठली दीक्षा लागत नाही.

आमच्या जत्रांत देवी अंगात येते तेव्हाही लोक नुसते हात जोडून बसत नाहीत. एखादी जाणती म्हातारी पुढे सरकते, केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाईसमोर बसते आणि विचारते, "कोण हाईस? काय पाहिजे? काय चुकलं आमचं?" उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारते. मग नारळ. या नव्या अंगात येण्याला मात्र कुणी प्रश्न विचारत नाही. ज्याचं दुःख अंगात आलं म्हणतात, त्यालाही कुणी विचारत नाही की बाबा, हे तुझंच आहे का? मला वाटलं म्हणजे मला कळलं, ही उडी कुणाच्या लक्षातच येत नाही.

ती उडी किती महागात पडते हे या मातीला वेगळं सांगायला नको. मे 1948 मध्ये निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात कत्तल केली. ते दुःख खरं होतं आणि गावोगावच्या माणसांनी ते आपलं मानलं. पुढे सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आणणारी पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतर याच मुलुखात मुसलमानांच्या वस्त्यांवर जे गुदरलं, ते पाहायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वांत होरपळलेले जिल्हे, असं त्यांनी लिहिलं. बळींचा त्यांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता. या मारणाऱ्यांत निव्वळ लुटारू होते तसे आपल्या माणसांच्या दुःखाने पेटलेलेही होते. त्यांची सहवेदना आटली नव्हती. ती एकाच गल्लीपुरती उतू चालली होती. पॉल ब्लूम हे मानसशास्त्रज्ञ याच कारणासाठी सहवेदनेवर भरवसा ठेवू नका म्हणतात. ती विजेरीच्या झोतासारखी असते, जिथे पडेल तेवढंच दिसतं.

मग वडीलधाऱ्यांचं खरं का? मन दगड करावं? तेही नाही. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांनी एक प्रयोग केला. लोकांना दुसऱ्याची वेदना स्वतःत जागवायला शिकवलं आणि दुःखाच्या चित्रफिती दाखवल्या, लोक खचले. त्याच लोकांना मग समोरच्याचं भलं व्हावं ही इच्छा धरायला, म्हणजे करुणा शिकवली. ते सावरले, आणि दुःख दिसत असूनही त्यांना बरं वाटू लागलं. म्हणजे वाटणं बंद करायची गरज नाही. त्याला पुढे वाट हवी.

ती वाट आपल्याकडे जुनी आहे. 1460 च्या सुमाराचा दुष्काळ आजही दामाजीपंतांच्या नावाने ओळखला जातो. मंगळवेढ्याची कोठारं बिदरच्या बादशहाची आणि दामाजीपंत त्यांवरचे अधिकारी. त्यांनी ती भुकेल्यांना उघडून दिली. कथेतला विठू महार, म्हणजे वेश पालटून आलेला विठ्ठल, बिदरच्या दरबारात पैसे मोजतो आणि पावती घेतो, हा भाग कीर्तनकार रंगवून सांगतात, आणि मला तोच फार महत्त्वाचा वाटतो. करुणा झाली, तरी धान्याचा हिशेब चुकता करावाच लागला. देवालासुद्धा पावती सुटली नाही. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांनी पाखरांना शेतातून हाकललं नाही, उलट पाणी ठेवलं, अशी आख्यायिका आहे. पण लोक त्यांना मानतात ते दासोहासाठी, म्हणजे येईल त्याला जेवू घालण्यासाठी. बाराव्या शतकात कल्याणात बसवण्णांनी कायकाच्या, म्हणजे श्रमाच्या, जोडीला बसवलेला हा दासोह म्हणजे उमाळा नव्हे. माणसाला उद्याही भूक लागणार हे धरून आज पीठ मळावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच: ज्याला फार वाटतं त्याने आधी विचारावं आणि मग एक काम अंगावर घ्यावं, झेपेल तेवढंच. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींना नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बिदरला न्यावं लागे. बायका भेटायला येत, वहिनींचा हात धरून हुंदके देत, "आमच्याच्याने बघवत नाही" म्हणत. एकीने मात्र सरळ विचारलं, "वैनी, तुमचं काय अडतंय?" वहिनी म्हणाल्या, नळ रात्री अडीचला येतो, तेवढं पाणी कुणी भरलं तर मला झोप मिळेल. ती शेजारीण पुढे कितीतरी महिने आठवड्यातल्या त्या दोन रात्री उठून स्वतःच्या पाइपाने त्यांचा बॅरल भरून ठेवी. हुंदके द्यायला येणाऱ्यांसाठी चहा करून करून वहिनी दमल्या होत्या. पाणी भरणारीला त्यांनी एकदाही चहा विचारला नाही, आणि तिलाही त्याचं काही वाटलं नाही.