लाटेच्या आघाताचे माप

ज्या मालाचे वजन झाले नाही, त्याची पावती कोणी व्यापारी लिहून देत नाही. तोच व्यापारी ज्या जहाजावर आपला माल निर्धास्तपणे चढवितो, त्याच्या अंगावर बसणाऱ्या लाटांच्या तडाख्यांची नोंद मात्र पुष्कळदा कोणत्याच वहीत नसते. ही विसंगती आपल्या ध्यानी यावयास हवी.

२००८ साली बांधलेले ‘एमओएल कम्फर्ट’ हे प्रचंड कंटेनरवाहू जहाज सिंगापूरहून जेद्दास जात असता १७ जून २०१३ रोजी येमेनच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर मध्यभागी दुभंगले. सर्व २६ खलाशी वाचले. परंतु जहाजाचे दोन्ही खंड पुढे बुडाले व ४ हजारांहून अधिक कंटेनर गेले. समुद्र पावसाळी वाऱ्यांनी खवळलेला होता, पण चक्रीवादळ नव्हते. मागाहून तपासणी झाली, तेव्हा त्याच बनावटीच्या काही जहाजांचे तळाचे पत्रे सुमारे २० मिलिमीटरपर्यंत वाकलेले आढळले. ही खूण दृष्टीस पडावयास एक जहाज बुडावे लागले!

लाटेचा आघात पत्रा वाकवूनच थांबतो असे नाही. जहाजाचे पुढचे टोक पाण्यावर आदळले की सबंध जहाज काही क्षण चाबकासारखे थरथरते आणि मध्यभागी आधीच असलेल्या ताणात भर पडते. कप्तानास हादरा जाणवतो. ताण किती पडला हे मात्र केवळ अनुभवाने सांगता येत नाही.

उपाय अज्ञात नाही. मध्यभागी पोलादावर ताणमापक व पुढच्या टोकाशी हादरे नोंदणारे यंत्र बसविले, म्हणजे वेग केव्हा कमी करावा, दिशा केव्हा बदलावी, यास आधार मिळतो. बंदरातील तपासनिसासही कोठे पाहावे हे कळते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २० हजार टन व त्याहून अधिक भारक्षमतेच्या, सुटा माल वाहणाऱ्या जहाजांसाठी १९९४ सालीच तशी शिफारस केली. परंतु शिफारस म्हणजे सक्ती नव्हे.

खर्चाचा आक्षेप निघेल. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या प्रत्येक कंटेनरचे पडताळलेले वजन आधी कळविणे बंधनकारक झाले, तेव्हाही कुरकुर झालीच होती. व्यापार काही थांबला नाही. मालाचे वजन आपण देतो. लाटेच्या माराचा हिशेब जहाजमालकाने ठेवावा, ही मागणी न्याय्यच आहे. व्यापारी बंधूंनी भाड्याचा दर विचारताना हाही प्रश्न विचारावा आणि आपल्या संघटनांनी त्याचा आग्रह धरावा. माप चोख, तरच व्यवहार चोख.