सतरावी लँड
'मॅजिक: द गॅदरिंग' हा रिचर्ड गारफिल्ड यांचा १९९३ सालचा पत्त्यांचा खेळ, पण खरी भांडणं जुंपतात ती ड्राफ्टमध्ये. आठ जण, प्रत्येकी तीन पाकिटं. एक पत्ता ठेवायचा, बाकीचे शेजाऱ्याकडे सरकवायचे. मग किमान ४० पत्त्यांचा डेक. त्यात लँड, म्हणजे बाकीचे पत्ते खेळायला बळ पुरवणारे पत्ते, १७ की १६, यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. मी सतरावाला: हातात भलाथोरला ड्रॅगन आणि समोर तीनच लँड, म्हणजे टकामका बघत बसणं आलं. मुरलेले खेळाडू पत्ते उचलताना कोणत्या रंगांचा डेक करायचा हे ठरवायची घाई करत नाहीत. लाल 'लायटनिंग बोल्ट'सारखा जबर मारक पत्ता उशिरा आला, तर देणाऱ्याला लाल नकोय हे ताडतात. आणि तोच बोल्ट पहिल्याच फुटकळ गॉब्लिनवर उधळणाऱ्याला नंतर टेबलभर बोलणी बसतात, बसायलाच हवीत.