पटावर नाव आहे, वर्गात जागा आहे काय?

शाळा उघडल्या की पटनोंदणीची लगबग सुरू होते. सहा वर्षांवरील एकही मूल शाळेबाहेर राहू नये असा शासनाचा आदेश असतो आणि त्या आदेशाबरहुकूम शिक्षक वाड्यावस्त्यांतून हिंडून मुलांची नावे लिहून घेतात. त्यांत एखादे दृष्टिहीन, कमी ऐकू येणारे, कुबडीच्या आधाराने चालणारे किंवा सांगितलेले उशिरा उमगणारे मूल असले, तर त्याचेही नाव पटावर येते. कागदोपत्री काम येथे पुरे होते. शिक्षणाचे काम मात्र येथून सुरू व्हावयास हवे आणि पुष्कळ शाळांत ते सुरूच होत नाही. पटावर नाव असणे आणि वर्गात जागा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समावेशक शिक्षणाचा सारा प्रश्न या दोहोंमधील अंतराचा आहे.

हे तत्त्व परके नाही

समावेशक शिक्षण ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना आहे, असा एक समज आढळतो. स्पेनमधील सालामांका येथे जून १९९४ मध्ये ९२ देशांच्या शासनांचे प्रतिनिधी जमले. सर्व मुलांना, त्यांच्या अडचणी कोणत्याही असोत, सर्वसाधारण शाळेतच सामावून घ्यावे, असे त्यांनी जाहीर केले. त्यानंतर हा शब्द जगभर रूढ झाला हे खरे. पण त्यामागील तत्त्वाची ओळख महाराष्ट्राला त्याआधी पाऊणशे वर्षे झालेली होती. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि १९१९ साली अस्पृश्य मुलांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत दाखल करण्याचा हुकूम काढला. निराळी शाळा काढून दिली की कर्तव्य संपले, ही सोयीची समजूत त्या हुकुमाने मोडीत काढली.

अर्थात अस्पृश्यता आणि अपंगत्व यांत मूलभूत भेद आहे. दार उघडल्याने दृष्टिहीन मुलाला फळ्यावरचे अक्षर दिसू लागत नाही, की कर्णबधिर मुलाला कविता ऐकू येत नाही. त्यासाठी ब्रेल, श्रवणयंत्र, खुणांची भाषा आणि मुख्य म्हणजे ते सारे जाणणारा शिक्षक लागतो. तेव्हा दार उघडणे ही पहिली पायरी झाली. ती चढून गेल्यावर पुढे काय, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत सापडत नाही. ते वर्गातच शोधावे लागते.

विशेष शाळांचे ऋण

सर्वसाधारण शाळांची दारे या मुलांना बंद होती, त्या काळी विशेष शाळांनी त्यांना हात दिला. मुंबईत १८८५ साली मूकबधिरांची शाळा निघाली. मतिमंद म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलांसाठी १९४४ साली मुंबईतच जय वकील यांच्या नावाने ओळखली जाणारी शाळा सुरू झाली. तिच्यामागे आपल्या मुलीला कोठेच शिक्षण मिळत नाही हे पाहिलेल्या एका दांपत्याचे दुःख होते. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित झालेल्या मुलांसाठी मिठू आलूर यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी मुंबईत जे कार्य उभारले, त्याचे मूळही आईच्या अशाच अनुभवात होते. या संस्थांनी जमविलेले ज्ञान मोलाचे आहे आणि ते टाकून देण्याची भाषा कृतघ्नपणाची ठरेल.

तथापि या शाळांना मर्यादा होत्या व आहेत. त्या मुख्यतः शहरांत वाढल्या. खेड्यातील मुलाला तेथे शिकावयाचे तर सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात जावे लागते. तो दहा वर्षांनी परत येतो तेव्हा त्याला गावातील समवयस्क ओळखत नाहीत आणि तोही त्यांना ओळखत नाही. शिक्षण मिळाले, पण गाव गेले, असा हा सौदा आहे. इतर मुलांना असा सौदा करावा लागत नाही.

‘एकात्म’ आणि ‘समावेशक’

कोठारी आयोगाने १९६६ साली सादर केलेल्या अहवालात अपंग मुलांचे शिक्षण हे सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचे अविभाज्य अंग असावे, असे म्हटले होते. त्या विचाराला अनुसरून केंद्र शासनाने १९७४ साली अपंग एकात्म शिक्षण योजना सुरू केली. पण ती सोपविली समाजकल्याण खात्याकडे. शिक्षण खात्याकडे ती यावयास १९८२ साल उजाडले. मुलाचे शिकणे हे शिक्षणात मोडते की कल्याणात, याचा निर्णय होण्यास आठ वर्षे लागली. तो पूर्णपणे झाला असे आजही म्हणता येत नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. विशेष शाळा त्या विभागाकडे आणि सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, अशी ही वाटणी आहे. मूल एक, त्याचे पालक दोन, आणि दोघांच्या फायली निराळ्या.

‘एकात्म’ आणि ‘समावेशक’ या दोन शब्दांतील भेदही लक्षात घेण्याजोगा आहे. एकात्म शिक्षणात मूल शाळेत येते आणि शाळा आहे तशीच राहते. जुळवून घेण्याचा भार मुलावर असतो. समावेशक शिक्षणात तो भार शाळेवर येतो. इमारत, फळा, पुस्तक, प्रश्नपत्रिका आणि शिकविण्याची रीत या साऱ्यांनी मुलापर्यंत पोहोचावयाचे असते. गेल्या काही वर्षांत कायद्याने ही दुसरी भूमिका निःसंदिग्धपणे स्वीकारली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन अपंग मुलांचा त्यात स्पष्ट अंतर्भाव झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि लक्षणीय अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलास शेजारच्या शाळेत किंवा स्वतः निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

कायदा आणि वस्तुस्थिती यांतील दरी मात्र मोठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ५ ते १९ वयोगटातील अपंग मुलांपैकी ६१ टक्के मुले शिक्षणसंस्थेत जात होती आणि २७ टक्के मुलांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले. शब्द बदलण्यास खर्च येत नाही. बाक बदलण्यास येतो.

लाभ कोणाचा?

‘एका मुलासाठी चाळीस मुलांचे नुकसान का?’ हा प्रश्न पालकसभांत विचारला जातो आणि शिक्षकांच्या खोलीत त्याला मूक संमती मिळते. त्याचे उत्तर वर्गातच सापडते. दृष्टिहीन मुलासाठी शिक्षक फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचू लागला, तर मागच्या बाकावरील ज्या मुलाला चष्म्याची गरज असूनही तो मिळालेला नाही, त्यालाही धडा समजतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला ओठ दिसावेत म्हणून शिक्षक फळ्याकडे पाठ करून, वर्गाकडे तोंड करून बोलू लागला, तर ते बोलणे सर्वांनाच स्पष्ट ऐकू येते. एका वेळी एकच सूचना देणे, अवघड कल्पना वस्तू दाखवून सांगणे, उत्तरासाठी क्षणभर अधिक थांबणे, या गोष्टी उशिरा शिकणाऱ्या मुलासाठी आवश्यक असतात आणि इतरांना उपकारक ठरतात. त्यांतील कशालाच अनुदान लागत नाही. टॉमस हेहिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली २५ देशांतील २८० अभ्यासांचा आढावा घेतला. समावेशक वर्गाचा लाभ अपंग मुलांना तर होतोच आणि इतर मुलांचेही सहसा नुकसान होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

यापेक्षा मोठा लाभ परीक्षेत मोजता येत नाही. आज वर्गात बसणारी मुले उद्या कचेरीत टेबलामागे, बँकेच्या खिडकीत आणि एस.टी.च्या दारात उभी राहणार आहेत. ज्याने शाळेत कर्णबधिर मित्राशी खुणांनी गप्पा मारल्या, तो खिडकीपाशी आलेल्या कर्णबधिर माणसावर ओरडणार नाही. सहानुभूतीचे धडे पुस्तकात घालता येतात. सवय ही सहवासातूनच लागते.

अडसर कोठे आहेत?

पहिला अडसर शिक्षकाच्या एकाकीपणाचा आहे. बहुतेक वर्गशिक्षकांच्या प्रशिक्षणात या विषयाला एखाद्या प्रकरणापलीकडे स्थान नसते. त्यातच निवडणूक, सर्वेक्षण आणि रोजची ऑनलाइन माहिती भरणे ही कामे असतात. अशा शिक्षकाला केवळ परिपत्रक धाडून समावेशक बनविता येत नाही. त्याला मदतनीस म्हणून विशेष शिक्षक हवा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये याचे प्रमाणही सांगितले: प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० आणि त्यापुढील स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक. तरीही पदे निश्चित करून जाहीर करण्याविषयी राज्यांना मार्च २०२५ मध्ये न्यायालयास पुन्हा बजवावे लागले. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२४ साली केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली. वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर राबलेल्यांच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण एका केंद्रात बारा शाळा धरल्या आणि महिन्याचे चोवीस कामाचे दिवस धरले, तर एका शाळेच्या वाट्याला तो शिक्षक महिन्यातून दोन दिवस येतो. उरलेले बावीस दिवस मूल वर्गशिक्षकाचेच असते. म्हणून वर्गशिक्षकाला तयार करण्यास पर्याय नाही.

दुसरा अडसर इमारतीचा आहे. चाकाच्या खुर्चीसाठी बांधावयाच्या उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. एक फूट उंचीची पायरी असेल तर उतार बारा फूट लांब हवा. तपासणीपुरता बांधलेला चार फुटांचा घसरता उतार हा अपघाताला निमंत्रण असतो. मतदानाच्या दिवशी याच शाळांत वृद्धांसाठी चाकाच्या खुर्च्या येतात. एका दिवसासाठी जे जमते, ते शाळेच्या सबंध वर्षासाठी का जमू नये? उतार झाला तरी स्वच्छतागृहाचे दार अरुंद असले तर मुलीची शाळा तेथेच संपते.

तिसरा अडसर परीक्षेचा आणि त्यातून जन्मलेल्या भीतीचा. निकालाची टक्केवारी ही शाळेची प्रतिष्ठा झाल्यावर संथ शिकणारे मूल हे शाळेला ओझे वाटू लागते. वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जी अडचण दुसरी-तिसरीत ओळखता आली असती, ती दहावीच्या उंबरठ्यावर प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात खेपा घालताना कळते. मधल्या सात-आठ वर्षांत त्या मुलाला ‘ढ’ हे प्रमाणपत्र विनाविलंब मिळालेले असते.

चौथा अडसर पळवाटेचा. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलास घरी शिक्षण घेण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने दिला. तो मुलाचा हक्क होता. शाळेने ‘तुम्ही घरीच ठेवा, आम्ही हजेरी लावतो’ असे सुचविले की तो हक्क शाळेची सोय बनतो. अंतराचा प्रश्नही असाच आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार २०२३ साली शासनाने मांडला. वाहनाची सोय होईल असे आश्वासन दिले जाते. पण ज्या मुलाला अर्धा किलोमीटर जाण्यास आईची पाठ लागते, त्याला पाच किलोमीटरवरील शाळा कितीही सुसज्ज असली तरी मिळणार नाही.

आक्षेप आणि उत्तर

सर्वच मुलांना एकाच वर्गात बसविणे हाच समावेश, असा हट्ट धरणेही योग्य नाही. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा येणारे सवंगडी व शिक्षक न मिळाले तर चाळीस मुलांत बसूनही ते एकटेच राहते. अशा मुलांची आरंभीची वर्षे त्यांच्या भाषेच्या शाळेत जाणे हिताचे ठरू शकते. कायद्याने निवडीचा हक्क ठेवला आहे तो याचसाठी. पण निवड म्हणावयाची तर दोन्ही दारे खरोखर उघडी हवीत. शेजारच्या शाळेत कोणीच लक्ष देत नाही म्हणून पालक विशेष शाळा शोधतो, तेव्हा त्याने निवड केलेली नसते. त्याने हार मानलेली असते. विशेष शाळांतील जाणकारांनी शेजारच्या दहा शाळांतील शिक्षकांना हाताशी धरून शिकवावे, अशी रचना झाली तर त्यांच्या शंभर वर्षांच्या अनुभवाचे चीज होईल.

इटलीने १९७७ साली कायदा करून अपंग मुलांचे वेगळे वर्ग मोडले, त्यांना सर्वांच्या वर्गात आणले, साहाय्यक शिक्षक दिला आणि अशा वर्गाची संख्या वीसपर्यंत मर्यादित केली. तेथेही वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी साहाय्यकावर ढकलून मोकळा होतो, अशी तक्रार आहे. त्या अनुभवातून दोन धडे मिळतात. वर्गसंख्या कमी करणारी तरतूद असल्यावाचून समावेश हा उपदेश राहतो. आणि तरतूद झाली तरी ‘हे मूल माझे’ असे वर्गशिक्षकाने मानले नाही, तर मूल वर्गात असूनही वर्गाबाहेरच राहते. पहिली गोष्ट शासनाने करावयाची आहे, दुसरी शिक्षकाने. शासनाने आपले काम केले नाही म्हणून शिक्षकाला हात झटकता येत नाहीत, आणि काही शिक्षक निष्ठेने झटतात म्हणून शासनालाही आपला खर्च वाचविता येत नाही.

सुरुवात मोठ्या योजनांनी व्हावी असेही नाही. प्रत्येक शाळेने आपल्या पटावरील अशा मुलांची नावे काढावीत आणि प्रत्येक नावासमोर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: गेल्या महिन्यात हे मूल किती दिवस वर्गात होते, त्या दिवसांत ते काय शिकले, आणि मधल्या सुट्टीत ते कोणाबरोबर खेळले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हजेरीपटात मिळेल. उरलेल्या दोहोंसाठी त्या मुलाकडे पाहावे लागेल. समावेशक शिक्षणाचा प्रारंभ त्या पाहण्यापासून होतो.