पाच टक्क्यांची मेहेरबानी

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण थकबाकीचा, छातीत धडकी भरवणारा; दुसरा ‘किमान देय रकमे’चा, पाठीवरून हात फिरवणारा. महिनाअखेरीस मेटाकुटीला आलेला नोकरदार साहजिकच दुसऱ्याकडे वळतो. या मेहेरबानीचा हिशेब मात्र एकदा कागदावर मांडून पाहावा. थकबाकी ५०,००० रुपये आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के धरले, तर महिन्याचे व्याज झाले १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३१५. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये आपण इमानेइतबारे भरतो. त्यांतले मुद्दलात जमा होतात अवघे ४३५! शिवाय थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. मग किराण्यावरसुद्धा व्याज.

सावकारीला आपण नावे ठेवतो. पण जुन्या व्यवहारात दामदुपटीचा दंडक होता. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे आणि हिंदू ऋणकोच्या बाबतीत मुंबई इलाख्यातील न्यायालयेही तो मानीत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. दर ठरवणे हे आयोगाचे काम नसेलही; मग संसदेने ते का करू नये?

तोवर उपाय घरातच शोधायचा, आणि तिथे आपले संस्कार आडवे येतात. सात टक्क्यांची मुदत ठेव मोडायची म्हटले की देव्हाऱ्यातली समई विझवल्यासारखे वाटते. आणि त्याच घरात वर्षाला ४२ टक्क्यांचे कर्ज सुखेनैव नांदत असते! ठेव मोडावी. ती नसेल तर सोने तारण ठेवून किंवा नोकरीच्या ठिकाणच्या पतसंस्थेतून कर्ज काढावे. व्याज बहुधा निम्म्याहूनही कमी पडते. कार्ड मात्र आधी कुलपात जावे, नाहीतर पतसंस्थेचा हप्ता आणि कार्डाचे नवे बिल अशी दोन तोंडे पोसावी लागतात. कार्डे अनेक असतील तर चढ्या दराचे प्रथम फेडावे. बाकीच्यांची किमान रक्कम तेवढी चुकवू नये.

फिटलेले कार्ड नको असेल तर बंद करण्याची विनंती लेखी द्यावी. थकबाकी नसताना बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले नाही, तर ते बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावेत, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घालून दिला आहे.